विश्लेषण : चंपीचा शाम्पू कसा झाला? कलप विकणाऱ्या दीन मोहम्मद यांचे आयुष्य काय सांगते?

पनवेलहून सुकापूर मागे टाकून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की नेरे गाव लागते. तिथल्या किंवा अशा कुठल्याही गावातल्या किराणा दुकानाच्या दाराशी पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. एका माळेत शाम्पू, दुसरीत कंडिशनर, तिसरीत काळा कलप. घरी शनिवारी रात्री वाटीत खोबरेल कोमट होते, लोखंडी कढईत मेंदी भिजते आणि लग्नसराई जवळ आली की आरशासमोर बसून पिकलेले केस मोजले जातात.

या घरगुती व्यवहारात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे शाम्पू. तो आपल्याला इंग्रजी वाटतो. प्रत्यक्षात तो इथूनच तिकडे गेला आणि बाटलीत भरून परत आला. त्याला इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचवणारा माणूस पाटण्याचा होता. त्याचे नाव साके दीन मोहम्मद. साके हा शेख या शब्दाचा त्या काळातला इंग्रजी उच्चार. या माणसाने सैन्यात नोकरी केली, पुस्तक लिहिले, उपाहारगृह काढले, दिवाळे काढले, केस काळे करण्याचा रंग विकला आणि शेवटी दोन राजांचा मालिशवाला झाला. त्याच्या आयुष्यात केसांच्या आजच्या बाजाराचे गुण आणि दोष दोन्ही सापडतात.

कोण होते दीन मोहम्मद?

त्यांचा जन्म १७५९ साली पाटण्यात झाला. प्लासीच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. दीन मोहम्मद दहा-अकरा वर्षांचे असताना वडील एका चकमकीत मारले गेले. त्यानंतर या मुलाने गॉडफ्रे बेकर या आयरिश तरुण अधिकाऱ्याचा हात धरला आणि घर सोडून तो फौजेबरोबर निघाला. आधी छावणीतला पोरगा, मग जमादार, मग सुभेदार अशी त्याची चढती झाली.

त्यांच्या फौजी आयुष्याचा उत्तरार्ध मराठी वाचकाला ओळखीचा आहे. १७७५ ते १७८२ या काळात पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालले होते. कंपनीची बंगाल फौज त्यात उतरली होती आणि १७८० साली तिने शिंद्यांच्या ताब्यातला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. दीन मोहम्मद नोकरीला होते ते याच फौजेत.

१७८२ मध्ये बेकर यांनी नोकरी सोडली. दीन मोहम्मदांनीही सोडली. १७८४ साली दोघे आयर्लंडमधल्या कॉर्क या बंदरात उतरले. तिथे त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले. १७८६ मध्ये जेन डेली या आयरिश तरुणीबरोबर पळून जाऊन लग्न केले आणि त्यासाठी धर्मही बदलला.

पहिले पुस्तक का महत्त्वाचे?

१७९४ साली कॉर्कमध्ये त्यांचे प्रवासवर्णन दोन भागांत प्रसिद्ध झाले. पत्रांच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकात हिंदुस्थानातली शहरे, लढाया, चालीरीती, बाजार यांचे वर्णन आहे. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. त्या काळी लेखकाला छपाईआधीच ग्राहक गोळा करावे लागत. दीन मोहम्मदांनी तीनशेहून अधिक वर्गणीदार मिळवले. परक्या गावात, परक्या भाषेत हे साधायला ओळखी वाढवण्याची आणि स्वतःला लोकांपुढे मांडण्याची हातोटी लागते. ही हातोटी त्यांना आयुष्यभर पुरली.

हे पुस्तक पुढेही कामाला येणार आहे, म्हणून त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवू. त्यात त्यांनी आपले बालपण आणि फौजेत शिरतानाचे वय स्वच्छ सांगितले आहे.

उपाहारगृह का बुडाले?

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुटुंब लंडनला आले. तिथे बॅसिल कॉक्रेन नावाचे श्रीमंत गृहस्थ होते. त्यांनी हिंदुस्थानात भरपूर पैसा कमावला होता आणि पोर्टमन चौकातल्या आपल्या घरात वाफेचे स्नानगृह काढले होते. दीन मोहम्मद तिथे कामाला लागले. वाफ घेतलेल्या लोकांचे अंग दाबून, चोळून देण्याचे काम त्यांनी इथे सुरू केले असे मानले जाते.

१८१० मध्ये त्यांनी जवळच्याच जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी कॉफी हाऊस उघडले. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातली चित्रे, हुक्का आणि मसालेदार जेवण असा थाट होता. लंडनमधले भारतीय माणसाने चालवलेले हे पहिले उपाहारगृह म्हणून ओळखले जाते. पण हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांच्या घरी स्वतःचे आचारी असत आणि बाकीच्यांना या चवीची सवय नव्हती. खर्च मोठा, गिऱ्हाईक थोडे. १८१२ मध्ये दिवाळे निघाले.

पन्नाशी उलटलेल्या, लेकरेबाळे असलेल्या माणसावर वर्तमानपत्रात नोकरी मागण्याची वेळ आली. कुणाच्या तरी घरी खाजगी नोकर म्हणून राहण्याची तयारी त्यांनी जाहिरातीत दाखवली होती.

केसांचा रंग कुठे आला?

१८१४ साली कुटुंब ब्रायटनला गेले. समुद्रस्नानासाठी श्रीमंतांची तिथे रीघ लागलेली असे. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या राजपुत्राचा महाल तिथे होता आणि पुढच्या काही वर्षांत त्याच महालावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढले. हिंदुस्थानी वस्तूंचे आकर्षण हवेतच होते.

ब्रायटनमध्ये एका स्नानगृहात काम करताना दीन मोहम्मदांनी सुरुवातीला हिंदुस्थानी दंतमंजन आणि केस काळे करण्याचा रंग विकला. दूर देशातले गुपित, घरच्या घरी लावा आणि तरुण दिसा ही कल्पना तेव्हाही खपत होती. कलपाच्या आजच्या जाहिरातीतून मॉडेल आणि संगीत काढून टाकले तर उरणारे वचन तेच आहे.

त्या काळी युरोपात केस काळे करण्यासाठी शिशाचे किंवा चांदीचे क्षार वापरले जात. चांदीचा क्षार केसांवर उजेडात काळा पडतो, पण तो कातडीही काळी करतो. शिसे तर विषारीच. आजचा काळा कलप वेगळ्या रसायनावर चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पॅरा-फिनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, हे द्रव्य केस रंगवण्यासाठी वापरात आले. पॅरिसमधल्या यूजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये आपला कलप तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल झाली.

कलप केसात टिकतो कसा?

पीपीडीचे कण लहान असतात. ते केसाच्या आत शिरतात. सोबतच्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्यामुळे आत त्यांचे मोठे रंगीत कण बनतात आणि मोठे झाल्यामुळे ते बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून असा कलप धुऊन जात नाही. मात्र केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे तीन-चार आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते आणि पुन्हा पुडी आणावी लागते.

अडचण अशी की पीपीडीची काहींना तीव्र ॲलर्जी होते. खाज, कपाळावर आणि कानामागे पुरळ, पापण्या सुजून डोळे न उघडणे अशी तिची लक्षणे असतात. दहा वर्षे कलप लावूनही काही झाले नाही, म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असे नसते. ही ॲलर्जी वापरता वापरताच तयार होऊ शकते.

म्हणून पुडीवर बारीक अक्षरात छापलेली चाचणी दरवेळी करायची असते. तयार केलेला थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहायची. खाज किंवा लाली आली तर तो रंग वापरायचा नाही. हळदीच्या आदल्या संध्याकाळी पुडी फोडणाऱ्याकडे हे ४८ तास नसतात. तिथेच घात होतो. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. भुवया आणि पापण्यांना कलप लावू नये. त्यात डोळ्यांना धोका असतो.

मेंदी म्हणून विकली जाणारी प्रत्येक पुडी मेंदीची नसते, हेही ध्यानात ठेवावे. शुद्ध मेंदीतले लॉसोन हे द्रव्य केसातल्या प्रथिनाला चिकटते आणि तांबूस रंग देते. ती काळी करत नाही. मेंदीवर नीळ, म्हणजे नीळ झाडाच्या पानांची पूड, लावली तर रंग काळपट होतो. लोखंडी कढईत चहाच्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर मेंदी भिजवली की तीही गडद होते, कारण चहा-आवळ्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा पडतो. आजीच्या कढईमागे हे रसायन आहे. पण तासाभरात कुळकुळीत काळा रंग देणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी असण्याची शक्यता मोठी असते. पाकिटावर अमोनिया नाही असे लिहिलेले असले म्हणजे पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. घटकांची यादीच वाचावी लागते.

शाम्पूइंग म्हणजे नेमके काय होते?

रंग आणि मंजन दीन मोहम्मदांना मोठे करू शकले नाहीत. त्यांना मोठे केले ते हातांनी. हिंदुस्थानी औषधी वनस्पती घातलेल्या पाण्याची वाफ आणि त्यानंतर मालिश असा उपचार त्यांनी ब्रायटनमध्ये सुरू केला. माणूस फ्लॅनेलच्या छोट्या तंबूत बसे. आत सुगंधी वाफ भरली जाई. घाम सुटला की तंबूला असलेल्या फटींतून मालिशवाला हात आत घाली आणि अंग दाबू लागे.

या दाबण्याला ते शाम्पूइंग म्हणत. हिंदीत चांपना म्हणजे दाबणे, मळणे. त्यावरून चांपो आणि चंपी. आपण मराठीत पाय चेपतो त्याच अर्थाचा हा व्यवहार. हा शब्द अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात आलेला होता. तो इंग्लंडच्या रस्त्यावर पाटीवर लावला दीन मोहम्मदांनी. त्यात केस धुण्याचा संबंध नव्हता. संधिवात, लकवा, आखडलेले सांधे घेऊन लोक त्यांच्याकडे येत.

महाराष्ट्रातल्या घराला यात नवे काहीच नाही. बाळंतिणीला तेल लावून शेक देणे, तान्ह्या बाळाची मालिश, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग आणि उटणे ही त्याच घराण्यातली कामे. फरक इतकाच की इथे ते आई-आजीचे किंवा मालिशवाल्या बाईचे काम होते. तिथे त्याला पाटी, दर आणि राजाश्रय मिळाला.

१८२१ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर किंग्ज रोडला मोहम्मद बाथ्स हे मोठे स्नानगृह उभे राहिले. पुरुषांकडे ते स्वतः पाहत, स्त्रियांचा विभाग पत्नी जेन सांभाळत. चौथ्या जॉर्जने आणि त्याच्यानंतर चौथ्या विल्यमने त्यांना राजाचे शाम्पूइंग सर्जन म्हणून नेमले. बऱ्या झालेल्या रुग्णांनी मागे ठेवलेल्या कुबड्या स्नानगृहात मांडून ठेवल्या होत्या. येणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावरच पडे.

दहा वर्षे कुठून वाढली?

कुबड्या पुरेशा नव्हत्या. १८२२ साली त्यांनी आपल्या उपचारावर पुस्तक काढले आणि ते राजाला अर्पण केले. त्यात रुग्णांचे दाखले आणि आभाराची पत्रे होती. पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पण सर्जन म्हणवणाऱ्याकडे वैद्यकीचे शिक्षण हवे, आणि दीन मोहम्मदांचे बालपण तर फौजेच्या छावणीत गेले होते.

मग त्यांनी आपले वय वाढवले. आपला जन्म १७४९ सालचा असे ते सांगू लागले. अशा रीतीने आयुष्याच्या सुरुवातीला दहा वर्षे मोकळी झाली आणि त्या जागेत वैद्यकीचे शिक्षण बसवता आले. १७९४ चे त्यांचे स्वतःचे पुस्तक मात्र वेगळेच सांगत होते. वडील वारले तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि तिथून सरळ फौजेत गेले होते. मधे कुठेही वैद्यकशाळा नव्हती. इतिहासकारांना हा खोटेपणा कळला तो ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावर.

तरुण दिसण्यासाठी रंग विकणाऱ्या माणसाने स्वतःला म्हातारे करून घेतले, कारण त्याच्या धंद्याला अनुभवाच्या पांढऱ्या केसांची गरज होती. यावरून त्यांना लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण परक्या मुलखात, दिवाळे निघाल्यावर, रंगावरून आणि नावावरून पारखल्या जाणाऱ्या माणसाकडे फार पर्याय नव्हते. हिंदुस्थानी असणे हेच त्याचे भांडवल होते आणि ते त्याने वापरले. उपचाराने अनेकांना आराम पडला हेही खरे असावे. आखडलेल्या सांध्याला ऊब आणि मालिशने बरे वाटते. खोटे होते ते त्यावर चढवलेले कवच.

आजच्या तेलाचे काय?

केसांच्या तेलाच्या बाजारात हे कवच अजून विकले जाते. हजारो वर्षांची विद्या, गुप्त वनस्पती, पांढरे केस मुळापासून काळे. नेऱ्यापासून जवळच्याच पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदीय औषधे बनवणारी संस्था १८७२ पासून आहे, त्यामुळे या भागाला औषधी वनस्पतींचे वावडे नाही. माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद ही नावे घरातली आहेत. प्रश्न वनस्पतींचा नाही, दाव्यांचा आहे.

त्वचेबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. रंग त्याला मुळाशी असलेल्या पेशी देतात. त्या पेशी संपल्या की केस पांढरा उगवतो. वरून लावलेले तेल त्या पेशी परत आणत नाही. फार कमी वयात केस पिकू लागले तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्याचा उपयोग तेलाच्या नव्या बाटलीपेक्षा जास्त होईल.

मग तेल निरुपयोगी आहे का? तसेही नाही. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. वारंवार असे झाले की त्याचे वरचे खवले सुटतात आणि आतले प्रथिन झिजते. खोबरेलाचे कण केसाच्या आत शिरू शकतात आणि ही झीज कमी करतात. २००३ मध्ये मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात प्रथिनाची झीज थांबवण्यात खोबरेल सरस ठरले. ते दोघे खोबरेल विकणाऱ्याच कंपनीत काम करत होते, हेही वाचकाने सोबत लक्षात ठेवावे. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण दाखला कुणाचा हे विचारायची सवय लागते.

याचा घरगुती अर्थ साधा आहे. तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा एक-दोन तास आधी लावावे, आणि टाळूपेक्षा केसांच्या कोरड्या टोकांना जास्त लावावे. कोंडा असेल तर तेल चोपडू नये. कोंड्यामागची बुरशी तेलकट द्रव्यांवरच वाढते. चंपीने शीण जातो, झोप चांगली लागते. टकलावर नवे केस येतील अशी आशा मात्र तिच्याकडून ठेवू नये.

शाम्पू केसांवर कधी आला?

दीन मोहम्मदांच्या हयातीत शाम्पू म्हणजे मालिशच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत हा शब्द डोके चोळून धुण्यासाठी वापरला जाऊ लागला. पुढे तो धुण्याच्या द्रव्याचे नाव झाला. बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकोफ यांनी १९०३ मध्ये पुडीतला शाम्पू आणला. १९३० च्या दशकात साबणाऐवजी कृत्रिम फेसद्रव्यांचे शाम्पू आले. कठीण पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, तो या शाम्पूने बसत नाही. १९८० च्या दशकात भारतात शाम्पू छोट्या पुडीत आला आणि गावोगावच्या दुकानांत पोहोचला.

त्याआधी आपल्याकडे शिकेकाई आणि रिठे होतेच. दोन्हींत सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्ये असतात. शिकेकाईचे वेल सह्याद्रीच्या रानात वाढतात. म्हणजे वस्तू आपल्याकडे होती, शब्दही आपल्याकडचा होता. दोन्ही एकत्र आले ते परदेशात जाऊन, आणि मधल्या काळात शब्दाचा अर्थच बदलला.

शाम्पूचे काम टाळू स्वच्छ करणे एवढेच. केस मऊ करण्याचे काम कंडिशनर करतो. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधली द्रव्ये धन भाराची असतात, म्हणून ती केसाला चिकटतात आणि खवले बसवतात. त्यामुळे शाम्पू मुळांना आणि कंडिशनर टोकांना, हा क्रम पाळावा. कलप लावलेल्या केसांना त्याची गरज जास्त असते, कारण रंग आत जाण्यासाठी खवले आधीच उचकटलेले असतात. कंडिशनर दोन-तीन मिनिटे ठेवून धुतला तरी पुरे. महागड्या नावाचा मास्क म्हणजे बहुतेक वेळा तोच कंडिशनर, थोडा घट्ट आणि जास्त वेळ ठेवायचा.

अखेर कशी झाली?

१८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली. तिला ब्रायटनचे आकर्षण नव्हते. राजदरबार दूर गेला तसे श्रीमंत गिऱ्हाईकही पांगले. शाम्पूइंगची नक्कल करणारे इतर स्नानगृहवालेही झाले होते. दीन मोहम्मद ज्या इमारतीत धंदा करत ती त्यांच्या मालकीची नव्हती. भागीदाराच्या मृत्यूनंतर १८४१ मध्ये ती लिलावात निघाली आणि ती विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या वयात ते लहान जागेत गेले आणि छोट्या प्रमाणावर काम करत राहिले.

१८५० च्या डिसेंबरमध्ये जेन वारल्या. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, दीन मोहम्मद गेले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यावर कोरलेले वय १०१ वर्षे आहे. खरे वय ९१-९२. वाढवलेली दहा वर्षे दगडावरही राहिली.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षे त्यांचे नाव मागे पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी त्यांचे प्रवासवर्णन पुन्हा प्रकाशात आणले. २००५ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या कॉफी हाऊसची आठवण म्हणून फलक लागला. १५ जानेवारी २०१९ रोजी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेक भारतीयांनी हे नाव पहिल्यांदा वाचले.

नातवाने काय वेगळे केले?

दीन मोहम्मदांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद आजोबा गेले तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. तो खराखुरा डॉक्टर झाला. लंडनच्या गायज रुग्णालयात त्याने नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले आणि रक्तदाबाचा अभ्यास केला. मूत्रपिंडाचा आजार दिसण्याआधीही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे त्याने दाखवले. आज आपण ज्याला उच्च रक्तदाब म्हणतो त्याच्या अभ्यासाच्या आरंभी हे नाव येते. देशभरातल्या डॉक्टरांकडून एकाच नमुन्याच्या प्रश्नावलीवर रुग्णांच्या नोंदी जमवण्याच्या कामाचे नेतृत्वही त्याने केले. १८८४ मध्ये विषमज्वराने तो वारला, तेव्हा जेमतेम पस्तिशीत होता.

आजोबांकडे पुरावा म्हणून कुबड्या होत्या. बरे झालेल्यांनी त्या ठेवल्या होत्या, पण बरे न झालेल्यांनी आपल्या कुबड्या घरी नेल्या असणार आणि त्या कुणाला दिसल्या नाहीत. नातवाने बरे झालेले आणि न झालेले सगळेच मोजायला घेतले. एका घरातल्या या दोन पद्धतींतले अंतर म्हणजेच जाहिरात आणि वैद्यकशास्त्र यांतले अंतर.

मोबाइलवर आज दिसणारी आधीची आणि नंतरची छायाचित्रे, आठ दिवसांत केस काळे झाल्याचे सांगणारे व्हिडिओ, शेकडो पाच तारे ही त्या कुबड्यांचीच नवी रूपे आहेत. नेऱ्याच्या दुकानातली पुडी घेताना तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ. घटकांच्या यादीत पीपीडी आहे का, वापराची मुदत संपली आहे का, आणि लग्नाला किमान दोन दिवस शिल्लक आहेत का. बाकी खोबरेलाची वाटी आणि घरच्या माणसाचा डोक्यावर फिरणारा हात, याला कुठल्याही दाखल्याची गरज नाही. दीन मोहम्मदांच्या धंद्यातला सर्वांत खरा भागही तोच होता.